अडलं की उठावं

माझ्या धाकट्या भावाची मुलगी आठवीत आहे. मागच्या मे महिन्यात ती सुट्टीला आमच्याकडे होती. एका दुपारी आतल्या खोलीतून तिचा रडका आवाज आला, "बडे अब्बा, ये होताच नै!" जाऊन पाहिलं, तर बाई मोबाइल पुढ्यात घेऊन बसलेल्या. पडद्यावर एक चेंडू आणि एक फुगा. बोटानं रेघ काढायची, ती रेघ खरीखुरी वस्तू होऊन खाली पडते, तिच्या उतारावरून किंवा धक्क्यानं चेंडू फुग्यापर्यंत न्यायचा, असा तो खेळ. तास-सव्वा तास ती एकाच पायरीवर अडली होती. तिनं काढलेल्या रेघा मी पाहत होतो. दरवेळी उतारच. थोडा लांब, थोडा तिरपा, पण उतारच.

मी म्हटलं, "ठेव तो आता. आत जाऊन बडी अम्मीला लसूण सोलून दे."

ती म्हणाली, "मध्येच सोडलं म्हणजे हरले ना? बाई म्हणतात, सोडून देणाऱ्याला काही येत नाही. माझं डोकंच नाहीये असल्या गोष्टींचं."

श्रोतेहो, तिचं हे शेवटचं वाक्य मला लागलं. कारण तेच वाक्य मी स्वतःबद्दल कित्येक वर्षं बोलत आलो आहे. म्हणून आजच्या भाषणाचा विषय हाच घेतला: अडलेला प्रश्न मध्येच बाजूला ठेवणं म्हणजे हरणं की सोडवण्याचाच एक भाग? मी बी. ए. झालेला, कवितेचा माणूस. शास्त्रज्ञ नव्हे. पण या विषयावर जाणत्यांनी बरंच काम केलं आहे, ते वाचून जेवढं समजलं तेवढं आपल्यापुढे ठेवतो.

आधी माझी गोष्ट. १९८६ साली मी दहावीला होतो. भूमितीचा पेपर. त्यात एक रायडर आला. दोन एककेंद्री वर्तुळं, म्हणजे एकाच मध्यबिंदूभोवती काढलेलं एक मोठं आणि एक लहान वर्तुळ. एक सरळ रेषा दोघांना छेदून आरपार जाते. मोठ्या वर्तुळाला ती अ आणि ड मध्ये छेदते, लहान वर्तुळाला ब आणि क मध्ये. सिद्ध करा, अब बरोबर कड. मी दोन बाजूंना दोन त्रिकोण काढले आणि ते एकरूप दाखवायच्या मागे लागलो. दोन बाबी जुळल्या, तिसरी काही सापडेना. त्या त्रिकोणांतूनही वाट निघते, हे मला पुढे कळलं. पण त्या दिवशी निघाली नाही. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. सोडायचं नाही असं शिकवलेलं होतं, म्हणून सोडलं नाही. घंटा झाली तेव्हा मागची तीन पानं कोरी होती.

सायकलवरून घरी निघालो. रस्त्यात कुणाच्या तरी लग्नाचा मांडव घालणं चाललं होतं. एक माणूस उभ्या वाशाला ओळंबा लावून बघत होता. आणि सायकल चालवता चालवता मला उत्तर दिसलं. मध्यबिंदूपासून त्या रेषेवर एक लंब टाकायचा. तो लंब मोठ्या जीवेलाही दुभागतो आणि लहान जीवेलाही. मोठीच्या अर्ध्यातून लहानीचं अर्धं वजा केलं की दोन्हीकडे सारखंच उरतं. संपलं. दोन ओळींचं उत्तर. मी सायकल थांबवून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि मला रडू आलं.

मार्क जेमतेम पडले. शास्त्र शाखेचा विचार घरात कुणी पुन्हा काढला नाही. मी कला शाखेला गेलो, त्याचं दुःख नाही. त्या वाटेवर मला कविता भेटली. पण "आपलं डोकं गणिताचं नाही" हा शिक्का मी तीस-पस्तीस वर्षं वागवला. खरं तर त्या दिवशी डोक्यानं काम केलं होतं. फक्त मी त्याला उठून एक चक्कर मारू दिली नाही.

असा अनुभव थोरामोठ्यांनाही आलेला आहे. आंरी प्वांकारे हे फ्रान्सचे फार मोठे गणिती. एका प्रकारच्या फलनांवर ते काम करत होते. मध्येच भूगर्भशास्त्राच्या एका सहलीला गेले आणि प्रवासाच्या गडबडीत गणित विसरून गेले. कुतांस नावाच्या गावी गाडीत चढताना त्यांनी पायरीवर पाय ठेवला, आणि त्याच क्षणी त्यांना हवा असलेला दुवा सापडला. १९०८ साली पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञांपुढे बोलताना त्यांनी हे स्वतःच सांगितलं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली, ती आपण सोयीस्करपणे विसरतो. असा प्रकाश फुकट पडत नाही. त्याच्या आधी जाणीवपूर्वक केलेली कष्टाची झटापट लागते आणि नंतरही बसून पडताळा घ्यावा लागतो.

पुढे १९२६ साली ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंतानं विचार करण्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं आणि या प्रवासाचे चार टप्पे सांगितले: तयारी, उबवण, उजळणं आणि पडताळणी. 'उबवण' हा शब्द मला फार आवडतो. कोंबडी अंड्यावर बसते तेव्हा बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. पण अंडं फोडून रोज आत पाहणाऱ्याला पिल्लू मिळत नाही.

आता खेळाकडे येऊ. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात व्हॅलरी शूट या प्राध्यापक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फिजिक्स प्लेग्राउंड' नावाचा खेळ तयार केला. माझी पुतणी खेळत होती तो त्याच जातीचा. पडद्यावर हिरवा चेंडू, लाल फुगा. मुलानं रेघा काढून चेंडू फुग्यापर्यंत न्यायचा. काढलेल्या प्रत्येक वस्तूला वजन असतं, तिला गुरुत्वाकर्षण लागू होतं. मुख्य युक्त्या चार: उतार, तरफ, लंबक आणि उसळफळी. पायऱ्या सत्तरहून अधिक. थोडक्या वस्तूंत काम झालं तर सोन्याचा बिल्ला, जास्त लागल्या तर चांदीचा. सूत्र पाठ करायचं नाही, परीक्षा नाही. पण तरफ कुठे टेकवायची, लंबक किती उंचीवरून सोडायचा, हे हाताला आणि डोळ्याला कळत जातं.

अशा खेळाचा अभ्यासकांना एक मोठा फायदा असतो. मुलानं कोणती रेघ केव्हा काढली, केव्हा पुसली, कोणती पायरी अर्धवट टाकली, परत केव्हा आला, हे सगळं संगणक नोंदवून ठेवतो. वर्गात शिक्षकाला चाळीस-पन्नास मुलांचं हे टिपणं शक्य नाही. फिलिपिन्समधल्या मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठातल्या मर्सिडीज रॉड्रिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांच्या अशाच नोंदी घेऊन २०१७ साली उबवणीचाच प्रश्न हाती घेतला. मुलगा एका पायरीवर अडतो, ती न सुटता सोडतो, दुसरं काही करतो, मग परत येतो आणि या वेळी ती सुटते. असे प्रसंग वेगळे काढायचे आणि विचारायचं, कुणाला या विश्रांतीचा फायदा होतो, आणि कोणत्या परिस्थितीत?

इथे एक अडचण आहे, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. मधल्या वेळात मुलानं दुसऱ्या चार पायऱ्या सोडवल्या असतील, तर परत आल्यावर मिळालेलं यश विश्रांतीचं की त्या सरावाचं? नुसत्या नोंदीवरून हे सांगता येत नाही. नोंदीत बोटं दिसतात, डोकं दिसत नाही. म्हणून या गोष्टीचा निवाडा करायला प्रयोगशाळेतले प्रयोगही पाहावे लागतात.

असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. सिओ आणि ऑर्मेरॉड या दोन अभ्यासकांनी २००९ साली एकशे सतरा अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. एका गटाला सलग प्रश्न सोडवायला लावायचं, दुसऱ्याला मध्ये थांबवायचं, अशी या प्रयोगांची साधारण पद्धत. एकूण हिशेबात थांबण्याचा फायदा दिसला. पण सगळीकडे सारखा नाही. एकाच प्रश्नाची नाना उत्तरं शोधायची असतात तिथे फायदा जास्त. दुसरं, थांबण्याआधी ज्यांनी प्रश्नाशी जास्त वेळ झटापट केली होती, त्यांना फायदा जास्त. तिसरी गोष्ट मला सर्वांत गमतीची वाटली. शब्दांच्या कोड्यांत, मधल्या वेळात डोक्याला ताण देणारं दुसरं काम दिलं तर फायदा कमी होतो. पण नुसतं स्वस्थ बसवलं त्यापेक्षाही, एखादं हलकं काम हाती दिलं तर तो जास्त होतो. म्हणजे लसूण सोलणं हा काही वाईट सल्ला नव्हता!

असं का होत असेल? याची कारणं एकाहून अधिक सांगतात. एक तर साधा थकवा उतरतो. दुसरं, मधल्या वेळात डोळ्यांसमोर एखादी गोष्ट येते आणि ती खूण देऊन जाते. माझ्या बाबतीत तो ओळंबा. अडलेला प्रश्न मनात उघडा असला, तर अशी खूण त्याला चटकन चिकटते. तिसरं, आपल्या नकळत मन आतल्या आत काम करत राहतं, असंही काही जण मानतात, काही जण मानत नाहीत. आणि चौथं कारण मला सर्वांत पटतं. ते म्हणजे चुकीची वाट विसरणं.

हे समजण्यासाठी कागद-पेन्सिल घ्या. अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेलं हे पाण्याच्या भांड्यांचं कोडं आहे. तुमच्याकडे तीन भांडी आहेत. पहिल्यात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. तुम्हाला नेमकी १०० मापं हवीत. उत्तर असं: मोठं भांडं भरा, त्यातून एकदा पहिलं भांडं भरून काढा, दोनदा तिसरं भरून काढा. १२७ मधून २१ गेले, १०६ उरले. त्यातून सहा गेले, शंभर. अशाच रीतीची चार-पाच गणितं माणसाला ओळीनं देतात. मग विचारतात, भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, हवीत २० मापं. बहुतेक लोक जुन्याच रीतीनं जातात: ४९ मधून २३ वजा, मग दोनदा तीन वजा. उत्तर येतंही. पण २३ मधून सरळ ३ काढले तरी वीसच होतात, हे त्यांना दिसतच नाही! ज्याला आधीची गणितं दिलेली नाहीत, त्याला ते लगेच दिसतं.

मळलेली वाट अशी डोळ्यांवर झापड बांधते. माझ्या पुतणीची झापड म्हणजे उतार. माझी म्हणजे ते दोन त्रिकोण. जितकं जास्त रेटावं तितकी ती वाट आणखी मळत जाते. उठून गेल्यानं ती थोडी पुसट होते आणि बाजूची पाऊलवाट दिसायला लागते.

आमचे अब्बा इचलकरंजीत माग चालवायचे. सुताचा गुंता झाला की मी लहानपणी ओढाओढ करायचो. ते माझा हात धरायचे आणि म्हणायचे, "ओढू नको, गाठ बसते. ठेव, चहा पिऊन ये." त्यांनी लुचिन्स वाचले नव्हते. पण ओढलं की गाठ घट्ट होते, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. खेद एवढाच, की सुताच्या बाबतीत शिकलेली गोष्ट मी भूमितीच्या पेपरात वापरली नाही.

झोपेचंही असंच सांगतात. जर्मनीतल्या ल्युबेक इथे झालेला एक प्रयोग २००४ साली गाजला. लोकांना आकड्यांचं एक लांबलचक काम दिलं. त्यात एक छुपा नियम होता, तो सापडला की काम झटकन उरकायचं. मध्ये रात्रभर झोपलेल्यांपैकी ज्यांना तो नियम सापडला, त्यांचं प्रमाण जागं राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघालं. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत एवढा ठळक फरक आढळला, असं मात्र नाही. तरी परीक्षेच्या आदल्या रात्री जागून मुलं काय गमावत असतील, याचा विचार करायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू. नाही तर घरोघरी मुलं म्हणतील, "रेडिओवर सांगितलंय, अभ्यास बाजूला ठेवा!" थांबणं हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध नव्हे. अमेरिकेतले जोसेफ बेक, जे त्या फिलिपिन्सच्या अभ्यासातही सहभागी होते, त्यांनी यू गाँग यांच्याबरोबर २०१३ साली संगणकावर सराव करणाऱ्या मुलांचा एक प्रकार दाखवून दिला. चिखलात रुतलेल्या गाडीचं चाक गरगर फिरतं, गाडी मात्र जागची हलत नाही. तसं काही मुलं उदाहरणामागून उदाहरणं करत राहतात, पण शिकत नाहीत. त्यांनी मोजमाप साधं ठेवलं. ओळीनं तीन उत्तरं बरोबर आली की कौशल्य आलं, आणि दहा संधी मिळूनही तसं झालं नाही, तर चाक जागीच फिरतंय असं समजायचं. अशा मुलाला विश्रांती देऊन काय होणार? त्याला अपूर्णांकच कळलेला नाही. उबवायला आधी अंडं हवं. त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं, मागचा धडा पुन्हा शिकवायला हवा.

म्हणजे अडण्याचे दोन प्रकार झाले. एका मुलाकडे सामान सगळं आहे, पण मांडणी चुकते आहे. त्याला उठवा. दुसऱ्याकडे सामानच अपुरं आहे. त्याला शिकवा. दोघंही बाहेरून सारखेच दिसतात, दोघंही म्हणतात, "येतच नाही." फरक ओळखण्याची माझी रीत सांगतो. मुलाला विचारावं, "तू काय काय करून पाहिलंस?" जो मुलगा भराभर सांगतो, हे केलं, ते केलं, इथपर्यंत आलं, तो पहिल्या प्रकारचा. जो गप्प बसतो, त्याच्या शेजारी आपण बसायचं.

थांबायचं कसं, हेही शिकावं लागतं. पहिल्या मिनिटाला उठायचं नाही. आधी पंधरा-वीस मिनिटं प्रामाणिक झटापट हवी. उठण्यापूर्वी कागदावर दोन ओळी लिहाव्यात: कुठे अडलं आणि काय करून झालं. मग हात गुंतवणारं, डोकं मोकळं ठेवणारं काम करावं. झाडांना पाणी घालावं, दळण आणावं, कोपऱ्यापर्यंत फिरून यावं. मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती पाहणं याला मी विश्रांती म्हणणार नाही. तिथे मनाला उसंत कुठे आहे? आणि मुख्य म्हणजे परत यायचं. परत येतो तो थांबला, येत नाही तो पळाला. त्या खेळाच्या नोंदींतही उबवण धरली जाते ती परत येणाऱ्याचीच.

परीक्षेच्या तीन तासांत फिरायला जाता येत नाही, हे खरं. पण पान उलटता येतं. अडलेल्या प्रश्नासमोर पेन्सिलीनं खूण करून पुढचा प्रश्न घेता येतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत मागे येता येतं. एवढंच मला कुणी सांगायला हवं होतं. शिक्षक-पालकांना माझी विनंती आहे, चिकाटी शिकवा, पण चिकाटी म्हणजे जागेला चिकटून बसणं असं शिकवू नका.

कवितेत तर आम्ही यावरच जगतो. गझलेच्या शेराची पहिली ओळ कधी कधी आपोआप येते आणि दुसरी आठ-आठ दिवस येत नाही. तरुणपणी मी काफियांच्या याद्या करून रात्र रात्र बसायचो. सकाळी ओळ मिळायची, पण ती ओढून आणलेली असायची. आता मी वही मिटतो. मग पिठाच्या गिरणीवर डबा ठेवून उभा असताना, त्या घरघरीत, ओळ येऊन खांद्यावर हात ठेवते. पण हेही खरं, की वहीत ती पहिली ओळ लिहिलेली असते, आणि घरी येऊन मी पुन्हा वही उघडतो.

त्या दुपारी काय झालं ते सांगायचं राहिलं. पुतणी फुरंगटून आत गेली. तिनं लसूण सोलला, मग गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली. दोरीवरची एक ओली चादर तिनं ओढली आणि सोडली, ती झोका घेऊन तिच्याच तोंडावर आली. खाली येऊन तिनं मोबाइल उघडला. या वेळी उतार काढला नाही. वर एक खिळा, त्याला टांगलेली एक काठी, म्हणजे लंबक. पहिल्यांदा चेंडू फुग्याच्या खालून गेला. तिनं काठी थोडी लांब केली. दुसऱ्यांदा लागला.

ती ओरडत आली नाही. फक्त मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बडे अब्बा, मला येत होतं."

मी तिला वर्तुळांचा तो रायडर घातला आहे. अजून सुटलेला नाही. तिनं तो वहीत लिहून ठेवलाय आणि खेळायला गेली आहे. मला घाई नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)